कोण बघतं आणि कोण सांगतं

मंडळी, आजच्या विषयाला पत्रिकेत 'माध्यमे आणि लैंगिकता' असं सभ्य नाव दिलंय. आम्ही सरळच बोलू. विषय पॉर्नचा आहे. आपल्याकडे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात त्याला कुणी 'तसले व्हिडिओ' म्हणतं, कुणी नुसतं 'क्लिप' म्हणतं. पण एका वाक्यावर सगळ्यांचं एकमत असतं: हे पुरुष बघतात, बायका बघत नाहीत. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, की पुरुषांची वासनाच तशी असते. ही दोन्ही वाक्यं आज जरा तपासून बघू. ते बघावं की बघू नये, हा वाद आज बाजूला ठेवलाय. तो वाद सुरू झाला की बाकीचं सगळं ऐकणंच बंद होतं.

पहिल्या वाक्याच्या बाजूने आकडे भरपूर आहेत. कुठल्याही देशातलं सर्वेक्षण घ्या, 'हो, बघतो' म्हणणारे पुरुष जास्त आणि बायका कमी. प्रश्न असा, की या आकड्याने नेमकं काय मोजलं? २००३ साली अमेरिकेत मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर या दोघींनी एक प्रयोग केला. कॉलेजच्या मुलामुलींना लैंगिक वर्तनाचे तेच ते प्रश्न तीन तऱ्हांनी विचारले. एका गटाला वाटत होतं की आपण लिहिलेलं शेजारचा माणूस वाचू शकेल. दुसऱ्या गटाला निनावी लिहायचं होतं. तिसऱ्या गटाच्या अंगाला खोटं पकडणारं यंत्र लावलं होतं. ते यंत्र चालू नव्हतंच, पण मुलांना ते खरं वाटत होतं. कुणीतरी वाचेल ही भीती होती, तिथे मुलगे आणि मुलींच्या उत्तरांत सर्वांत मोठा फरक पडला. निनावी गटात तो कमी झाला. यंत्राच्या गटात जवळजवळ उरलाच नाही. आणि फरक खाली आला तो मुख्यतः कुठे? हस्तमैथुन आणि अश्लील साहित्य बघणं, म्हणजे ज्या गोष्टी मुलींना 'शोभत नाहीत' तिथेच.

आता हे आपल्या घरात आणून बघा. दहा बाय बाराची खोली, मधे पडदा, सासू जागी, फोन एकच आणि त्याचा पासवर्ड मुलाला पाठ. अशा घरात कुणी वही घेऊन आलं आणि बाईला विचारलं, 'ताई, तुम्ही तसले व्हिडिओ बघता का?' ती काय सांगेल? तिने 'नाही' म्हटलं तर त्या 'नाही'त खोलीचं माप आलं, सासू आली आणि उद्याची भीतीही आली. तिच्या इच्छेबद्दल त्यातून फार काही कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरायला स्वतःचा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के. जिच्या हातात फोनच नाही तिच्या न बघण्याला आपण 'स्त्रीस्वभाव' म्हणून मोकळे होतो.

याला थोडा बाजाराचाही इतिहास आहे. हा माल आपल्याकडे नेहमी कुठल्या ना कुठल्या काउंटरवरून आला. स्टेशनाबाहेरच्या स्टॉलवर वर्तमानपत्राखाली ठेवलेली पिवळी पुस्तकं, मग व्हिडिओ पार्लर, मग सीडी, मग मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' देणं. या प्रत्येक ठिकाणी एक पुरुष विकणारा असायचा आणि चार पुरुष आजूबाजूला उभे. तिथे बाई जाणार कशी? गाऊन घ्यायला, जीन्स घ्यायला ती उल्हासनगरच्या बाजारात हक्काने जाते, घासाघीस करते, पण या काउंटरवर नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि काउंटर उठला. जगातल्या सर्वांत मोठ्या पॉर्न संकेतस्थळांपैकी एकाने जगभरच्या आपल्या प्रेक्षकांत स्त्रियांचा वाटा २०१८ मध्ये २९ टक्के आणि २०१९ मध्ये ३२ टक्के सांगितला होता. हा आकडा विकणाऱ्याचाच, तोही ब्राउझिंगवरून बांधलेला अंदाज, तेव्हा त्यावर इमारत उभी करू नये. पण 'बायका बघतच नाहीत' या वाक्याला तडा जायला तेवढा पुरे.

अजून एक गोष्ट आहे. 'बघितलं' या एका शब्दात दोन निराळे अनुभव कोंबलेले असतात. स्वतः शोधून बघणं एक. नवऱ्याने किंवा मित्राने फोन पुढे करून 'हे बघ, असं कर' म्हणणं दुसरं. सर्वेक्षणात दोन्हींची एकच खूण पडते. दुसऱ्या अनुभवाला आम्ही वापर म्हणणार नाही. तो दबाव असू शकतो.

कायद्याचीही यात गंमत आहे. १९६० साली लंडनला 'लेडी चॅटर्लीज लव्हर'वर खटला चालला. सरकारी वकिलाने ज्युरीला विचारलं, की हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकरांनी वाचावं असं तुम्हाला वाटेल का? म्हणजे वाचणारा पुरुष, आणि ज्याला जपायचं ती बायको. मुंबईत तेच पुस्तक विकल्याबद्दल रणजित उदेशी यांच्यावर खटला झाला आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. आपल्या मराठीत चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, खटला थेट दिल्लीपर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. या सगळ्या वादांत बाई पानावर भरपूर दिसते. वाचक म्हणून ती कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही.

आता दुसरं वाक्य, पुरुषांची वासनाच तशी असते. इथे आम्ही बघण्याचे आकडे सोडून मतांच्या आकड्यांकडे वळतो, कारण आमच्या मते खरा फरक तिथे आहे. त्याच आरोग्य सर्वेक्षणात तीन कारणं देऊन विचारलं होतं: नवऱ्याला लैंगिक आजार असेल, त्याचे दुसऱ्या बायकांशी संबंध असतील, किंवा बायको थकलेली असेल, तिची इच्छा नसेल, तर तिने नकार देणं योग्य आहे का? तिन्ही कारणं योग्य म्हणणाऱ्या बायका ८० टक्के, पुरुष ६६ टक्के. म्हणजे तीनांतल्या एका पुरुषाला निदान एक कारण तरी पटलं नाही. कुणी म्हणेल, मघाशी तुम्हीच सांगितलंत की लोक सर्वेक्षणात लपवतात, मग इथे विश्वास कसा? बरोबर आहे. पण पॉर्नच्या प्रश्नात बाई लाजेने लपवते. इथे तिसऱ्या पुरुषाने परक्या माणसासमोर, घरात बसून हे उघड सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. लाज नेमकी कुठे नाही, ते या आकड्यातून कळतं.

आणि त्यावरून बायका सगळ्या एका बाजूला आहेत असंही समजू नका. त्याच सर्वेक्षणात काही ठरावीक परिस्थितीत नवऱ्याने मारणं योग्य म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के आहेत. मतं शरीरातून येत नाहीत, घरातून येतात. २०१६ मध्ये सात देशांतल्या २२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. पॉर्न बघणं आणि लैंगिक आक्रमकता यांचा संबंध त्यात पुरुषांत दिसला आणि स्त्रियांतही दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे तर आहेच. पण 'पुरुषाची जातच तशी' याला त्यातून आधार मिळत नाही.

बदलापूरचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २० ऑगस्ट २०२४ ला आपल्या स्टेशनात लोक रुळांवर उतरले, तासन् तास गाड्या बंद होत्या. शाळेतल्या दोन लहानग्या मुलींवरच्या अत्याचाराचा तो संताप होता. त्या गुन्ह्याचं कारण पॉर्न, असं म्हणायला आमच्याकडे काहीही आधार नाही आणि आम्ही तसं म्हणणार नाही. आम्हाला बोलायचंय ते त्यानंतरच्या बोलण्याबद्दल. नाक्यावर, गाडीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन उपाय निघाले: मुलींना घराबाहेर एकटं सोडू नका, आणि मोबाइल काढून घ्या. मोबाइल कुणाचा काढून घेतला जातो हे तुम्हाला माहीत आहे. मुलीचा. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून ते प्रकरण हाती घेतलं, तेव्हा न्यायमूर्तींनी 'सातच्या आत घरात' या मराठी चित्रपटाची आठवण काढून विचारलं, की हा नियम फक्त मुलींनाच का, मुलग्यांना का नाही? मुलग्यांना शिकवा, असंही न्यायालय म्हणालं. शिकवायचं कुठे? याच महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं होतं. शिक्षक बोलत नाहीत, बाप बोलत नाही, मग मुलगा जिथे उत्तर मिळेल तिथे जातो. तिथे 'नाही' हा शब्द फारसा ऐकूच येत नाही, आणि आला तरी पुढच्या मिनिटाला त्याचा 'हो' झालेला असतो.

मराठीत या प्रश्नांना उत्तर देणारं एक ठिकाण होतं. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. कामेच्छा स्त्रीलाही असते, तिचं सुख तिचंच आहे, हे ते त्या काळात लिहीत होते. १९३४ चा खटला कशावर होता? वाचकांनी हस्तमैथुन, समलैंगिकता यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. विचारणाऱ्याला सरळ उत्तर देणं हा गुन्हा ठरला, आणि पिवळी पुस्तकं मात्र स्टेशनाबाहेर विकली जात राहिली.

आपल्या तीन गावांत कुणी कॉलेज, कुणी मंडळ यावर पाहणी करणार असेल, तर आमचं म्हणणं एवढंच. कागद द्या, पाकीट द्या, मुलगे आणि मुली वेगळ्या खोलीत बसवा, घरी जाऊन विचारू नका. 'बघता का' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: तुम्हाला कधी कुणी मनाविरुद्ध दाखवलंय का? तुम्ही कुणाला दाखवलंय का? समोरच्याने 'नको' म्हटलं तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि हा शेवटचा प्रश्न मुलग्यांच्या कागदावर सर्वांत वर छापा.