'लॉइनर' कोणाला म्हणायचं?

आता टोनी हॅरिसनकडे येऊ. लिव्हरपूलचा तो 'स्काउसर', तसा लीड्सचा माणूस 'लॉइनर'. लीड्सच्या या बेकरीवाल्याच्या मुलानं १९७० साली आपल्या संग्रहाला नावच दिलं 'द लॉइनर्स'. आणि आत बघावं तर बऱ्याच कविता आफ्रिकेत नि प्रागमध्ये फिरताहेत! कुणी याला फसवणूक म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. गाव सुटलेल्यालाच ते टोपणनाव मिरवावंसं वाटतं.

खरी धार मात्र 'देम अँड अझ'मध्ये आहे. वर्गात कीट्स म्हणणाऱ्या मुलाला मास्तर मधेच तोडतात, का तर उच्चार लीड्सचा. वर्डस्वर्थच्या उत्तरेकडच्या तोंडी 'मॅटर' आणि 'वॉटर' यांचं यमक चोख जुळायचं, हे हॅरिसन त्यांना सुनावतो. बिनतोड मुद्दा!

पण आमची एक तक्रार आहे. बोलीची बाजू लढवणारी ही कविता सुरू होते ग्रीक आक्रोशानं, लगेच डेमॉस्थेनिस हजर. बेकरीत ती वाचणार कोण? म्हणजे बघा, 'अझ' म्हणजे 'आम्ही', पण त्या 'आम्ही'त बाप बसतो का? हॅरिसनला हे ठाऊक होतं. 'बुक एंड्स'मध्ये आई गेल्यावर बापलेक समोरासमोर बसलेत, आणि मधे आडवी येतात ती पुस्तकंच.