रोटी कुणाची? : ‘उसकी रोटी’च्या निमित्ताने

मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ हा चित्रपट मला आवडला नाही. एवढे साधे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली. १९६९ साली तयार झालेला हा चित्रपट मी प्रथम एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला. दिवे लागल्यावर शेजारची मंडळी चौकट, अवकाश, काळ अशा शब्दांत बोलू लागली आणि मी गप्प बसलो. आपल्याला कळले नाही हे कबूल करण्याची लाज आम्हांला शाळेपासूनच लावली जाते. अलीकडे तो पुन्हा पाहिला. या वेळी कळला, आणि कळूनही आवडला नाही. त्याची कारणे सांगणे मला आवश्यक वाटते.

मोहन राकेश यांची मूळ कथा साधी आहे. पंजाबातल्या एका खेड्यातली बालो गावाबाहेरच्या हमरस्त्यावर येऊन बसड्रायव्हर नवऱ्यासाठी रोटी घेऊन उभी राहते. सुच्चासिंग घरी क्वचितच येतो. त्याचे बाहेर संबंध आहेत, हे तिला ठाऊक आहे. एके दिवशी तिला उशीर होतो, कारण गावातल्या जंगी नावाच्या माणसाने तिच्या धाकट्या बहिणीवर, जिंदावर, हात टाकलेला असतो. सुच्चासिंग रागावून निघून जातो आणि बालो रात्रीपर्यंत तेथेच थांबते. नवऱ्याच्या कमाईवर जगणाऱ्या या बाईचा त्याच्यावर एकच हक्क उरला आहे, तो म्हणजे ती रोटी. रोटी चुकली तर घर चुकले. बहिणीची अब्रू सांभाळावी की नवऱ्याची वेळ, अशा कात्रीत ती सापडली आहे. कथेचा सगळा जीव या भीतीत आहे.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेल्या मणी कौल यांनी या कथेचे काय केले? फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशावर हा चित्रपट झाला. के. के. महाजन यांनी तो कृष्णधवल चित्रित केला. दिग्दर्शकाने मुख्यतः दोन भिंगे वापरली, २८ मिलिमीटरचे आणि १३५ मिलिमीटरचे. आरंभी एक भिंग बालोच्या प्रत्यक्ष जगण्यासाठी आणि दुसरे तिच्या मनातल्या जगण्यासाठी, आणि पुढे हळूहळू त्यांची अदलाबदल, अशी ही योजना होती. ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा प्रभाव तर उघड आहे. पात्रे सपाट सुरात, थांबत थांबत बोलतात. चेहऱ्यावर भाव उमटू द्यायचा नाही, हा नियमच आहे.

या प्रयत्नाला मी कमी लेखत नाही. धंदेवाईक हिंदी सिनेमाने गरीब बाईचे अश्रू विकून पैसा केला. मणी कौल यांनी ते अश्रू विकले नाहीत, तिच्या देहाचे प्रदर्शन मांडले नाही. ही प्रतिष्ठा त्यांनी बालोला दिली, हे मान्य केलेच पाहिजे. पण अश्रू काढून घेताना त्यांनी तिची भीतीही काढून घेतली. जिंदावरचा प्रसंग आणि पेरूच्या झाडाचे दृश्य, दोन्हींना या चित्रपटात एकच वजन आहे. एकात मुलीची अब्रू पणाला लागली आहे, दुसऱ्यात एक फळ आहे. सर्व काही समान अंतरावरून पाहणे याला तटस्थता म्हणतात. पण अशी तटस्थता ज्याचे काही जाणार नसते, त्यालाच परवडते. बालोला ती परवडत नाही.

वाट पाहणे ही गोष्ट मी लहानपणी पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी माय खडी फोडायच्या कामावर होती. पगाराच्या दिवशी बायका रस्त्याच्या कडेला बसून राहत. पैसे येत किंवा येत नसत. कुणी दुरून पाहिले असते तर त्याला त्या बायका दगडासारख्या स्थिर दिसल्या असत्या. पण मायच्या डोक्यात हिशेब चाललेला असे. दुकानदाराची उधारी किती, पीठ किती दिवस पुरेल, मिळालेली सुकडी आज वाटायची की उद्याला ठेवायची. गरिबाचे वाट पाहणे रिकामे नसते, ते फार कष्टाचे काम असते. ‘उसकी रोटी’त मला बालोचे उभे राहणे दिसले, तिचा हिशेब दिसला नाही. तिची प्रतीक्षा ही दिग्दर्शकाच्या काळविषयक चिंतनाची सामग्री झाली. भिंगांची अदलाबदल ज्याने त्याविषयी वाचले आहे त्याला कळते. बालोला तिचा काहीच उपयोग नाही.

यावर कुणी म्हणेल, तुम्हांला तंत्रच नको आहे. हा आरोप आमच्या ओळखीचा आहे. दलित साहित्यात अनुभव आहे पण कलात्मकता नाही, असे आम्हांला अनेक वर्षे ऐकवले गेले. म्हणून तंत्राच्या विरुद्ध मी तरी उभा राहणार नाही. मणी कौल यांच्याच गुरूंचे उदाहरण घ्या. ‘मेघे ढाका तारा’मध्ये (१९६०) नीताच्या यातनेवर घटक चाबकाचा आवाज योजतात. तो आवाज वास्तवातला नाही, केवळ तंत्र आहे. पण त्या तंत्राने नीताची पाठ आपल्याला दिसते.

आणि स्थिरतेचेच म्हणाल, तर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आहे. जब्याचे कैकाडी कुटुंब डुकराच्या मागे धावत असते. एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि हाताशी आलेले डुक्कर निघून जाते. काही क्षण पडद्यावर कुणी हलत नाही. पण त्या न हलण्यात पोटाचा प्रश्न आहे, जात आहे, राष्ट्र आहे, आणि या तिघांचे एकमेकांशी काय नाते आहे हेही आहे. गोष्ट तेथे थांबत नाही, ती तेथेच पेट घेते. शेवटी जब्याने फेकलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. हेही तंत्रच आहे, पण तो दगड जब्याच्या हातातला आहे, दिग्दर्शकाच्या सिद्धांतातला नाही.

तेव्हा माझे भांडण प्रयोगाशी नाही, संथपणाशीही नाही. ज्याच्या जगण्यातून कलावंत आपला आकृतिबंध घडवतो, त्या माणसाचे तो काही देणे लागतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. मणी कौल यांनी फार मोठ्या निष्ठेने काम केले, पण ती निष्ठा भिंगाशी होती. ‘उसकी रोटी’ या नावात ‘उसकी’ म्हणजे सुच्चासिंगची. ती मळणारी, भाजणारी, उन्हात धरून उभी राहणारी बालो नावातही नाही. कथेने निदान तिची भीती आपल्यापर्यंत आणली होती. चित्रपटाने तिचे हात फार सुंदर दाखवले, आणि त्या हातांतल्या रोटीची चिंता मात्र प्रेक्षकाच्या मनात पोचू दिली नाही. त्या दिवशी दिवे लागल्यावर मी हेच बोलायला हवे होते.