नासिक्य आणि नाशिक : अशुद्धाच्या चिडीची मीमांसा

पतंजलीच्या 'महाभाष्या'त 'नासिक्य' हे एका नगराचे नाव म्हणून येते. व्याकरणपरंपरेत नाकातून उच्चारल्या जाणाऱ्या वर्णांनाही हीच संज्ञा आहे. त्या नगराला आज 'नाशिक' म्हणतात. इ-कारापूर्वीच्या 'स'चा 'श' होणे ही मराठीची जुनी प्रवृत्ती असून 'सीमा'पासून 'शीव', 'सिंदूर'पासून 'शेंदूर' ही रूपे तिच्यातूनच सिद्ध झाली आहेत. मूळ रूप हाच शुद्धतेचा निकष मानला, तर नाशिककर आपल्या गावाचे नावच अशुद्ध उच्चारतो असे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही. मात्र नाशिकरोडला 'इस्टेशन' म्हणणारा प्रवासी किंवा 'कालेज' म्हणणारा विद्यार्थी सुशिक्षितांच्या चिडीचा विषय होतो. या विसंगतीची चिकित्सा समीक्षेने करावयास हवी. कारण शुद्धाशुद्धाचा निवाडा हा अखेर मूल्यनिवाडाच असतो.

या चिडीत तीन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात. पहिली ध्वनिपरिवर्तनाची. 'इस्टेशन'मधला आद्य 'इ' हा अज्ञानाचा नव्हे, तर शब्दारंभीचे जोडाक्षर सुलभ करण्याच्या प्रवृत्तीचा परिणाम आहे. 'इस्पितळ', 'पलटण', 'अर्दली' हे शब्द अशाच परिवर्तनांतून मराठी झाले आणि आज ग्रंथिक गद्यातही निःसंकोच वावरतात. इंग्रजीतील 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतील भेद तर इंग्रजीवर प्रभुत्व असलेले प्राध्यापकही पुष्कळदा एकाच 'व'ने भागवतात. त्याची चीड कोणाला येत नाही. सर्वांची चूक चूक ठरत नाही, खालच्या थरातील माणसाची ठरते, हे येथे उघड होते. 'आणि'ऐवजी 'आनि' म्हणणाऱ्याला हसण्यामागचे कारणही ध्वनिशास्त्रीय नसून सामाजिकच आहे.

दुसरी गोष्ट लिपीच्या वर्चस्वाची. मुंबईतील 'शीव' रोमन लिपीत गेली आणि त्या अक्षरांच्या वाचनातून 'सायन' होऊन परतली. येथे उच्चार बिघडवला तो निरक्षराने नव्हे, साक्षराने. इंग्रजीत 'प्रोनन्सिएशन' या शब्दाचाच 'प्रोनाउन्सिएशन' असा उच्चार ऐकू येतो. तेथेही मूळ क्रियापदाशी केलेले तर्कशुद्ध सादृश्य कारणीभूत असते. अशा चुकांतून वक्त्याचा आळस नव्हे, तर नियम शोधणारी त्याची बुद्धी दिसते.

तिसरी गोष्ट अर्थाची, आणि खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. 'शिक्षा' आणि 'चेष्टा' या शब्दांचे संस्कृतातील अर्थ मराठीत बदलले. परंतु 'शिक्षण' आणि 'प्रयत्न' हे शब्द उपलब्ध असल्याने भाषेची हानी झाली नाही. 'अपरोक्ष'चे तसे नाही. 'परोक्ष' म्हणजे दृष्टीआड, 'अपरोक्ष' म्हणजे प्रत्यक्ष. मराठीत मात्र 'त्याच्या अपरोक्ष' म्हणजे त्याच्या पाठीमागे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'अपरोक्षानुभूती'चे शीर्षक आजच्या रूढ अर्थाने वाचणारा विद्यार्थी नेमक्या उलट अर्थापाशी पोहोचतो. येथे उच्चार निर्दोष, लेखन निर्दोष आणि तरीही अर्थ हरवलेला. या दोषाबद्दल मात्र क्वचितच कोणी चिडते, कारण तो सुशिक्षितांचा आहे.

समीक्षेच्या परिभाषेतही हेच घडते. प्रत्येक अपघाताला 'शोकांतिका' म्हटले, की ॲरिस्टॉटलने ट्रॅजेडीच्या नायकाच्या कृतीशी आणि प्रमादाशी जोडलेला संबंध सुटतो. 'रोमँटिक' म्हणजे केवळ प्रेमविषयक असे मानले, की एका वाङ्मयीन संप्रदायाचे नावच निरुपयोगी होते. वृत्तपत्राने हे शब्द सैल वापरावेत, यात आक्षेपार्ह काही नाही. समीक्षकाने तसे वापरले तर त्याच्या हातातले साधनच बोथट होते.

शुद्धतावाद्यांना आधार वाटणाऱ्या पतंजलीपाशीच या विवेकाचे सूत्र सापडते. बोलण्यातल्या एका अपभ्रष्ट प्रयोगावरूनच ज्यांना 'यर्वाण-तर्वाण' हे नाव पडले, अशा ऋषींची कथा तो सांगतो. व्यवहारात ते अशुद्ध बोलत, यज्ञकर्मात मात्र बोलत नसत. आणि त्यांच्या ज्ञानीपणाविषयी पतंजलीला शंका नाही. शुद्धतेचा आग्रह माणसाला नव्हे, प्रसंगाला लागू होतो, हा त्यातील मर्माचा भाग.

१९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते औपचारिक शिक्षणाबाहेर राहिलेल्यांना सामावून घेण्यासाठी. अशा विद्यार्थ्याच्या उच्चाराला हसले गेले, तर तो उच्चार सुधारण्याआधी बोलणेच थांबवण्याचा संभव अधिक. त्याला 'स्टेशन' शिकवता येईल, त्यात गैर काही नाही. परंतु 'परोक्ष' आणि 'अपरोक्ष' यांतील भेद त्याच्यापर्यंत पोहोचवणे अधिक निकडीचे आहे, आणि तो पोहोचवण्यापूर्वी अध्यापकाने स्वतःचे वाक्य तपासणे त्याहून निकडीचे.