हिब्रू बायबलमधील अल्पपरिचित व्यक्ती

हिब्रू बायबलमध्ये (ख्रिस्ती परंपरेतील ‘जुना करार’) एखाददुसऱ्या प्रसंगापुरते उल्लेखिलेले स्त्रीपुरुष. यांपैकी बहुतेकांची नावे वंशावळींत व याद्यांत केवळ नोंदीपुरती येतात. काही मोजक्या व्यक्ती मात्र निर्णायक क्षणी कृती करतात. कथनात त्यांना जागा थोडी मिळाली असली, तरी राजे व अधिपती यांच्या वर्तनाची नैतिक कसोटी त्यांच्याच द्वारा लागते. त्यामुळे त्यांना केवळ पूरक पात्रे मानणे योग्य ठरत नाही.

निर्गम ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा व पुवा या सुइणी हे याचे ठळक उदाहरण होय. हिब्रू स्त्रियांना होणारे मुलगे जन्मतःच मारावेत, ही फारोची आज्ञा त्या पाळत नाहीत. ग्रंथकार फारोचे नाव देत नाही. सुइणींची नावे मात्र जपतो. मूळ शब्दप्रयोगाचा अर्थ ‘हिब्रू सुइणी’ असा होतो, तसाच ‘हिब्रू स्त्रियांच्या सुइणी’ असाही लावता येतो. दुसऱ्या अर्थाने त्या परकीय ठरू शकतात आणि त्यांची अवज्ञा स्वजनप्रेमापुरती मर्यादित राहत नाही.

गणना ग्रंथात (अध्याय २७) सलाफहादाच्या महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाच मुली, पित्याला पुत्र नसल्यामुळे त्याच्या वतनाचा वाटा मागतात व तो त्यांना मान्य होतो. स्त्रियांच्या वारसाहक्काचे प्राचीन उदाहरण म्हणून या कथेचा गौरव केला जातो. परंतु अध्याय ३६ मध्ये त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा, अशी अट घातली आहे. वंशाची जमीन वंशातच राहावी, हा तिचा हेतू. दोन्ही अध्याय एकत्र वाचल्याशिवाय या कथेचे मूल्यमापन एकांगी होते.

या सर्वांत रिस्पेची कथा (२ शमुवेल, अध्याय २१) सर्वाधिक प्रभावी आहे. तीन वर्षांचा दुष्काळ शौलाने केलेल्या गिबोनी लोकांच्या हत्येमुळे पडला, असे कळल्यावर दावीद शौलाचे सात वंशज गिबोन्यांच्या स्वाधीन करतो. त्यांत शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे दोन पुत्र असतात. वधानंतर, हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत, ती खडकावर गोणपाट पसरून दिवसा पक्ष्यांपासून व रात्री श्वापदांपासून प्रेतांचे रक्षण करते. संपूर्ण कथेत तिच्या तोंडी एकही शब्द नाही. ही वार्ता ऐकून दावीद शौल व योनाथान यांच्या अस्थी आणवितो, वध झालेल्यांच्याही अस्थी गोळा केल्या जातात. देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली, हे विधान वधानंतर नव्हे, तर अस्थींच्या दफनानंतर येते. या क्रमामुळे वधाच्या न्याय्यतेविषयीच वाचकाच्या मनात शंका उभी राहते.

काही अल्पपरिचित नावांना ग्रंथबाह्य पुरावाही मिळाला आहे. शाफानाचा पुत्र गमऱ्या याच्या नावाची मातीची मुद्रा १९८२ मध्ये जेरूसलेम येथील उत्खननात आढळली. यिर्मयाच्या ग्रंथातील (अध्याय ३९) सर्सखीम या बॅबिलोनियन अधिकाऱ्याचे नाव इ. स. पू. ५९५ मधील एका मृत्तिकापट्टिकेवर असल्याचे २००७ मध्ये ब्रिटिश म्यूझीयममध्ये लक्षात आले. अशा पुराव्याने व्यक्तीचे अस्तित्व सूचित होते. तिच्याविषयीची कथा सिद्ध होत नाही, हा विवेक मात्र राखावा लागतो.

महाराष्ट्रात ही कथने मुख्यतः दोन मार्गांनी आली. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजात १८८० पासून कीर्तनाची परंपरा रूढ झाली आणि आब्राहाम, योसेफ यांसारख्यांवर आख्याने रचली गेली. कीर्तनाचे आख्यान चरित्रनायकाभोवती गुंफले जात असल्याने रिस्पेसारख्या निःशब्द पात्रांना त्यात सहजासहजी वाव मिळत नाही. दुसरा मार्ग भाषांतराचा. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून सर्वसामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये छापले जाऊन १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. संपूर्ण ग्रंथाच्या भाषांतरात गौण पात्रांना वगळता येत नाही. त्यामुळे शिप्रा, महला व रिस्पा मराठी वाचकापर्यंत पोहोचल्या. मराठी समीक्षेने मात्र त्यांचा स्वतंत्रपणे फारसा विचार केलेला नाही.