‘स्तुत्य प्रयत्न’ या शेऱ्याविषयीं

गेल्या चातुर्मासांत एका तरुण अभ्यासकाचा निबंध प्रस्तुत लेखकाकडे अभिप्रायार्थ आला. जावळीच्या खोऱ्यांतील एका गांवच्या पाटिलकीचा महजर हा त्याचा आधार. सोबत त्याच्या अध्यापकांचें पत्र होतें. मुलगा होतकरू आहे, दोन उत्तेजनपर शब्द लिहावे, अशी त्यांत सूचना. उत्तेजनास आमची हरकत नाहीं. परंतु शिकाऊ संशोधकास अभिप्राय कसा द्यावा, हा प्रश्न त्या निमित्तानें पुन्हां उभा राहिला. निबंधकाराच्या संमतीनें व त्याचें नांव न घेतां तो येथें मांडतों.

प्रथम गुण. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत व ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखीत नाहींत. असें असूनहि साक्षीदारांचीं नांवें व बलुतेदारांची यादी त्यानें सावधपणें लावली आहे. कागदहि गांवोगांव हिंडून स्वतः मिळविला आहे. हें श्रेय त्यास निःसंशय दिलें पाहिजे.

आतां दोष. महजराच्या आरंभीं ‘सु॥ सन सबा खमसैन अलफ’, म्हणजे १०५७, असा काल आहे. निबंधकारानें ‘सु॥’ कडे दुर्लक्ष करून हें हिजरी वर्ष मानलें व महजर इ. स. १६४७ चा ठरविला. वस्तुतः हा शुहूर सन होय. हिजरी वर्ष चांद्र. शुहूर सौर, आणि तो मृगारंभीं पालटतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ व पुढें मेअखेर ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. तेव्हां कागद १६५६-५७ चा. जावळी १६४७ त मोऱ्यांकडे होती. १६५६ च्या जानेवारींत ती शिवाजी महाराजांनीं घेतली. म्हणजे मोऱ्यांच्या अमलांतील न्यायपद्धति म्हणून निबंधांत जें दहा पृष्ठें वर्णिलें आहे, तें सर्व महाराजांच्या अमलाचें! दोन अक्षरें सोडल्यानें निबंधाचा पायाच सरकला.

दुसरा दोष याहून जड. चवथ्या ओळीची कड फाटली आहे. तेथें निबंधकारानें पदरचा एक शब्द घातला, आणि कंसहि न करितां तो मुळांतलाच असल्यासारखा छापण्यास दिला. शिवाय कागद अस्सल नसून तालीक आहे, ही गोष्ट शेवटच्या पृष्ठाच्या तळटीपेंत ढकलली आहे. पहिली चूक अज्ञानाची व घाईची. ती एका बैठकींत शिकवितां येते. दुसरी संवयीची आहे, आणि ती वेळींच मोडली नाहीं तर जन्मभर राहते.

एवढें स्पष्ट लिहावें कीं नाहीं, याचा विचार करितांना एक जुनी गोष्ट आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या लेखांत कालगणनेची अशीच चूक आमच्या ध्यानांत आली होती. मुलगा गरीब, लाजाळू. त्याचें मन मोडूं नये म्हणून आम्हीं ‘स्तुत्य प्रयत्न’ एवढा शेरा मारून लेख परत केला. लेख छापला गेला. इतरांनीं तीच तिथि उचलली. पुढें एका सभेंत कोणीं ती चूक चारचौघांत दाखविली, तेव्हां त्यास उत्तर देतां आलें नाहीं. त्या दिवसापासून तो दप्तराकडे फिरकला नाहीं. खोलींत बसून जें अर्ध्या घटकेंत सांगतां आलें असतें, तें न सांगितल्यानें एक चांगला वाचक गेला. त्याचें मन राखलें असें आम्हांस वाटलें. खरें पाहतां आम्हीं आपला संकोच राखला.

महाभारताची चिकित्सक आवृत्ति भांडारकर संस्थेनें काढली. तिच्या आदिपर्वांत (१९३३) डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनीं संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ ओढली आणि पाठभेद त्याच पृष्ठावर खालीं दिले. निर्णय संपादकाचा, पण तो तपासण्याचें साधन वाचकाच्या हातीं. विद्यार्थ्याच्या लेखाचें परीक्षणहि ह्याच रीतीनें व्हावें असें आम्हांस वाटतें. जेथें चूक निश्चित, तेथें आधार दाखवून चूक म्हणावें. जेथें आपणांसच संशय, तेथें संशय म्हणावें. जें चांगलें तें नेमकें सांगावें. नुसतें ‘अभ्यास वाढवावा’ म्हणणें हें ‘स्तुत्य प्रयत्न’ म्हणण्याइतकेंच पोकळ होय. दोष सांगण्याची जागा मूळ कागदासमोर, दोघांतच. आणि वेळ, लेख छापण्यापूर्वीची.

त्याप्रमाणें निबंधकारास घरीं बोलाविलें, महजर उलगडून दोघांमध्यें ठेविला व ‘सु॥’ वर बोट ठेविलें. तो बराच वेळ गप्प होता. मग काल त्यानें स्वतःच पुन्हां काढला आणि दहा पृष्ठें रद्द करावीं लागतील असें आपणच म्हणाला. पुढल्या आठवड्यांत तो सुधारलेली नक्कल घेऊन आला; फाटलेल्या जागीं आतां कंस होता. जातांना त्यानें भीत भीत सांगितलें कीं, आमच्या टिपणांत एका साक्षीदाराचें नांव चुकीचें वाचलें आहे. भिंगाखालीं पाहिलें, त्याचें म्हणणें बरोबर होतें. आमच्या टिपणावर ती दुरुस्ती त्याच्याच हातानें करविली आहे.