स्वर आणि व्यक्ती : जपानी ‘अ‍ॅनिमे’तील एक प्रश्न

पडत्या काळात मनुष्य कथेचा आश्रय घेतो, ही गोष्ट नवी नव्हे. जपानी ‘अ‍ॅनिमे’च्या बाबतीत विशेष हा, की तेथील चाहता पात्रापाशी न थांबता त्याला वाणी देणाऱ्या ‘सेइयू’पर्यंत, म्हणजे ध्वनिनटापर्यंत पोहोचतो. रेखाटलेल्या पात्राला देह नसतो. जिवंत असतो तो स्वर. म्हणून सांत्वनाचे श्रेय स्वराला, आणि स्वरावरून व्यक्तीला दिले जाते. यातील पहिली पायरी रास्त आहे. दुसरी तपासून पाहिली पाहिजे.

१९९५ हे वर्ष जपानला फार जड गेले. जानेवारीत कोबे परिसरातील भूकंपात ६,००० हून अधिक माणसे दगावली. मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडण्यात आला. ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘नियॉन जेनेसिस इव्हँजेलियन’मधील अबोल अयानामी रेईला मेगुमी हायाशिबारा यांचा आवाज लाभला. आरोहावरोह जवळजवळ गाळलेले तिचे बोलणे पुष्कळ प्रेक्षकांना आपले वाटले. परंतु त्याच वर्षी ‘स्लेयर्स’मधील लीना इन्व्हर्स ही तापट, वाचाळ जादूगारीणही त्यांनीच बोलती केली. मग यांतील कोणता स्वर त्यांचा स्वतःचा म्हणावा? दोन्ही साधलेले आहेत. दोन्ही कसबाचे फळ होत.

यामुळे दुःखिताला मिळालेला दिलासा खोटा ठरत नाही. मात्र त्यासाठी कलावंताने आयुष्यभर पात्रासारखे वागावे, ही अपेक्षा त्या कसबालाच नाकारते. म्हणून पात्राची भाषा, नटाचे उच्चारण आणि नटाचे खासगी जीवन ही तीन अंगे अभ्यासकाने, आणि चाहत्यानेही, वेगळी ठेवणे अगत्याचे आहे.