आत्मिक युद्ध आणि मारसेना

ख्रिस्ती परंपरेतील ‘आत्मिक अधिकार’ व ‘आत्मिक युद्ध’ या संकल्पनांचा विचार मूळ ग्रीक शब्दापासून सुरू करणे आम्हांस उचित वाटते. लूककृत शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशू शिष्यांना शत्रूच्या सर्व सामर्थ्यावर अधिकार देतो. तेथे ‘एक्झूसिया’ हा शब्द आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायात ज्या अदृश्य सत्तांशी झुंजावयाचे, त्यांनाही हाच शब्द योजिला आहे. म्हणजे हे दोन अधिकारांमधील युद्ध होय. आणि त्यात भक्ताचा अधिकार स्वार्जित नसून प्रभूने दिलेला आहे.

तथापि, झुंज रक्तामांसाच्या माणसांशी नाही, असे तेच पत्र बजावते आणि सत्य, नीतिमत्त्व, शांती व विश्वास यांनी सज्ज व्हावयास सांगते. हा विवेक मोलाचा आहे.

पुढे तो टिकला काय? अमेरिकेतील फुलर सेमिनरीचे प्राध्यापक सी. पीटर वॅग्नर यांनी 1990च्या सुमारास असे प्रतिपादिले, की विशिष्ट भूप्रदेशांवर विशिष्ट दुष्ट आत्म्यांचे राज्य असते व प्रार्थनेने त्यांना परास्त करावे लागते. त्याच सुमारास लुइस बुश यांनी 10 ते 40 उत्तर अक्षांशांमधील, उत्तर आफ्रिकेपासून आशियापर्यंतचा पट्टा धर्मप्रसाराचे प्रमुख लक्ष्य ठरविला. बुद्धगया, सारनाथ आणि नागपूरची दीक्षाभूमी याच पट्ट्यात येतात. ज्या भूमीवर दुष्ट आत्म्याचे राज्य मानले, तेथील माणसाच्या श्रद्धेकडे समतेने पाहणार कसे?

याच धर्मातील वॉल्टर विंक यांनी ‘एंगेजिंग द पॉवर्स’ (1992) या ग्रंथात निराळा अर्थ लावला. त्यांच्या मते या सत्ता म्हणजे अंतराळातील भुते नव्हेत. ते मानवी संस्था व व्यवस्थांचे अंतरंग होय. जातिव्यवस्था भोगलेल्या समाजास हे उमगण्यास अडचण नाही. कायद्याने अस्पृश्यता नष्ट केली, तरी तिची वृत्ती उरतेच.

सुत्तनिपातातील पधानसुत्त शत्रूस याहूनही जवळ आणून उभा करते. काम, अरती, तृष्णा, आळस, भय, संशय या मारसेनेच्या तुकड्या आहेत. आणि यादीच्या अखेरीस येतात आत्मस्तुती व परनिंदा. बोधिसत्त्व त्यांच्याशी कोणाच्या नावाने मिळालेल्या अधिकाराने लढत नाही. श्रद्धा, वीर्य व प्रज्ञा ही त्याची स्वतःची साधने आहेत. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हे बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (1957) मध्ये याच अर्थाने सांगितले.

म्हणून आमचा आक्षेप युद्धाच्या रूपकास नाही. ते आपल्या सुत्तांतही आहे. शत्रूस दुसऱ्याच्या भूमीत शोधण्यास आहे. परधर्मास सैतानाचे राज्य म्हणणारा स्वतःच मारसेनेच्या त्या अखेरच्या तुकडीत भरती होतो. आणि ख्रिस्ती बांधवांस हिणविण्यासाठी आपण हे सुत्त वापरले, तर आपणही त्याच तुकडीत जाऊन उभे राहू.